बुधवारचा प्रश्न

आमदार सर्जेरावांनी जालन्यात पत्रकारांपुढं सांगून टाकलं, की विधानसभा आठवड्यातून तीन दिवस बसली तरी पुष्कळ झालं; बाकीचे दिवस आमदार आपल्या माणसांत पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते पेपरात आलं आणि वाघझरीच्या फाट्यावर, चहाच्या हॉटेलात, त्यावरून दोन तट पडले. एका तटात सगळं हॉटेल होतं. दुसऱ्या तटात बेबीनंदा एकटी होती, आणि तीही काही वाद घालायला आली नव्हती. तिचा नवरा संपत फाट्यावरून जाफराबादला जीप भरून नेतो, त्याला भाकरीचा डबा द्यायला आली होती.

"तिथं बसून करतेत काय?" धर्मराज विचारत होता. धर्मराज गावातला मोठा बागाईतदार, सोसायटीचा चेअरमन. तो बोलला की हॉटेलात माना हलत. "ह्यानं त्याच्यावर वरडायचं, त्यानं ह्याच्यावर. मंग अध्यक्ष उठून जाणार, सभागृह तहकूब. त्यापेक्षा माणूस आपल्यात आलेला काय वाईट? आमच्या बापाच्या तेराव्याला साहेब अधिवेशन सोडून आल्ते. मांडी घालून बसले व्हते पंगतीत."

"बराबर हाये," चार जण म्हणाले.

बेबीनंदानं डबा जीपच्या सीटवर ठेवला आणि मागं वळली. "तेरावं झालं, धर्मराजभाऊ. पूल झाला का?"

 धर्मराजनं कप उचलला, त्यात चहा नव्हता, तरी तोंडाला लावला.

पुलाचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. वाघझरी आणि फाटा यांच्या मध्ये नदी आहे. नदीत पुलाचे खांब उभे आहेत, पण वर स्लॅब नाही. ठेकेदारानं खांब उभे केले आणि एके दिवशी मशिनी उचलून निघून गेला. उन्हाळ्यात माणसं त्या खांबांमधून, वाळूतून ये-जा करतात. नदीला पाणी आलं की गाव बंद. दुसरा रस्ता डोंगराच्या पलीकडून आहे म्हणतात, पण पावसाळ्यात त्याच्यावरून बैलसुद्धा नेत नाहीत.

मागच्या भादव्यात बेबीनंदाची सून प्रीती बाळंतपणाला अडली. मुलगा मिथुन जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर होता. पहाटेपासून कळा सुरू झाल्या आणि पहाटेपासूनच नदीनं दोन्ही काठ धरले. संपतची जीप फाट्यावर अडकलेली. अँब्युलन्स आली, तीही पलीकडंच थांबली. अलीकडं धर्मराजच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या टाकून प्रीतीला काठापर्यंत आणलं होतं, पाणी उतरलं की लगेच काढून न्यावं म्हणून. पाणी उतरलं नाही. पलीकडून अँब्युलन्समधली नर्स ओरडून काहीतरी सांगत होती, हातानं खुणा करत होती; पाण्याच्या आवाजात एक शब्द ऐकू येईना. बेबीनंदाला जसं समजलं तसं तिनं केलं. पोरगी झाली. रडली, थोडी. काही वेळ बेबीनंदाच्या छातीशी होती. पाणी उतरून नर्स अलीकडं आली तेव्हा तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून प्रीती कामापुरतं बोलायची. बेबीनंदाचं उलट झालं. ती बोलायला लागली ती थांबेचना. ग्रामसेवकाला बोलली, तहसीलला जाऊन बोलली, आणि शेवटी जालन्याला मस्तगडात आमदारांच्या कार्यालयात गेली. तिथं अंगद नावाचा आमदारांचा पीए होता. इतर ठिकाणी माणसं तिचं ऐकताना मोबाईल बघायची. अंगदनं मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला, आणि तेवढ्यानंच तिला रडू आलं.

"मावशी, अर्जानं काही होत नसतं," अंगद म्हणाला. "अर्जाला अर्ज लागत जातो. आपण सभागृहात प्रश्न टाकू. तारांकित. म्हणजे काय, की साहेब तिथं उभं राहून विचारणार आणि मंत्र्यालाबी उभं राहून उत्तर द्यावं लागणार, सगळ्या राज्यासमोर. मंत्र्यानं काहीबाही सांगितलं तर साहेब वरून उपप्रश्न विचारू शकतेत. तिथं सुटका नसती."

उभं राहून. हे बेबीनंदाच्या मनात ठसलं. आजवर तिनं ज्याला ज्याला विचारलं तो खुर्चीत बसलेला होता आणि ती उभी होती.

सर्जेराव आतून आले तेव्हा तिनं हात जोडले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान खाली घालून. "ताई, मी स्वतः उभा राहून विचारतो," ते म्हणाले. "माझी लेक समजून विचारतो." ते खोटं बोलत आहेत असं तिला वाटलं नाही. नंतरही, सगळं झाल्यावरसुद्धा, तिला वाटायचं की त्या घडीला तो माणूस खोटं बोलत नव्हता.

हिवाळ्यात नागपूरचं अधिवेशन ठरल्यापेक्षा लवकर गुंडाळलं गेलं आणि ज्या दिवशी तिचा प्रश्न होता तो दिवस उजाडलाच नाही. अंगद म्हणाला, आता मार्चमध्ये. मार्चमध्ये मात्र त्याचा आपणहून फोन आला. "मावशी, लागला. बुधवारी, दुसऱ्या नंबरला. अकरा वाजता मोबाईलवर लाईव्ह दिसतंय."

त्याच बुधवारी तिच्या भावाच्या लेकीचं लग्न होतं.

भाऊ संघपाल तिच्यापेक्षा मोठा, जालन्यात स्थायिक, एका खाजगी शाळेचा मुख्याध्यापक. आईबाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे तोच. तिनं आनंदानं त्याला फोन केला. "दादा, प्रश्न अकराला हाये, साक्षीचं लग्न साडेबाराला. दोन्ही व्हतंय बघ एकाच दिवशी."

"बरं बरं," संघपाल म्हणाला. "तू आदल्या दिवशीच ये."

लग्न जालन्यात मंगल कार्यालयात होतं. स्टेजवर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, पुढं पांढऱ्या फुलांची आरास. वरच्या खोलीत साक्षी पांढऱ्या साडीत आरशापुढं बसली होती आणि आत्या म्हणून बेबीनंदा तिच्या केसांत गजरा माळत होती. अकरा वाजले तसं तिनं गजरा दुसरीच्या हातात दिला आणि खिडकीपाशी प्रीतीजवळ जाऊन बसली. प्रीतीच्या हातात मोबाईल होता. साक्षीही पदर सावरत येऊन मागं उभी राहिली.

"आत्या, तुमचाच प्रश्न का हा?"

"पयला दुसऱ्याचा. मंग आपला."

पहिला प्रश्न बराच वेळ चालला. निम्म्याहून जास्त बाकं रिकामी होती. बेबीनंदा त्यांत सर्जेरावांना शोधत होती. कॅमेरा फिरायचा, पुन्हा अध्यक्षांवर यायचा. मग अध्यक्षांनी दुसरा नंबर पुकारला आणि सर्जेरावांचं नाव घेतलं. क्षणभर थांबून आजूबाजूला पाहिलं. "सदस्य उपस्थित नाहीत," ते म्हणाले. "पुढचा प्रश्न." आणि पुढचा प्रश्न सुरू झाला, कुठल्याशा बाजार समितीचा.

प्रीतीनं मोबाईल बंद केला नाही. तसाच धरून बसली.

"आजारी असतान," बेबीनंदा म्हणाली. "न्हाईतर रस्त्यात अडकले असतान. मुंबईत गर्दी असती." ती अंगदला फोन लावत राहिली. तो उचलत नव्हता. तिच्या डोक्यात काय काय येऊन गेलं. गाडीला काही झालं की काय, इथपर्यंत.

बाराच्या सुमारास खाली गाड्यांचे दरवाजे वाजले. ढोल एकदम जोरात सुरू झाला. नवरदेव तर केव्हाच आला होता. साक्षीच्या मैत्रिणी खिडकीत धावल्या आणि त्यांतली एक म्हणाली, "आमदार आले."

बेबीनंदा उठून खिडकीशी गेली. खाली सर्जेराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात हार, लोकांचे हात हातात घेत चालले होते. त्यांच्यापुढं रस्ता करत संघपाल चालला होता, कोटातला, घामाघूम आणि इतका खुश, की शाळेत पहिला आल्यावर बापानं त्याला खांद्यावर घेतलं होतं तेव्हाच तो तिला असा दिसला होता.

ती जिन्याकडं वळली.  पण मागं साक्षी उभी होती, हातात मेंदी, डोळ्यांत भीती. बेबीनंदानं तिचा पदर नीट केला. "चल," ती म्हणाली. "खाली वाट बघून राह्यले."

लग्न लागेपर्यंत ती काही बोलली नाही. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं, तिनंही हात जोडून म्हटलं. नवरानवरीनं एकमेकांना हार घातले, फुलांच्या पाकळ्या उधळल्या गेल्या. मग संघपालनं माईक सर्जेरावांच्या हातात दिला.

"अधिवेशन चालू आहे," सर्जेराव म्हणाले. "पण मास्तरांचा शब्द मोडता येईना. रात्रभर प्रवास करून आलो. मला विचारतात, आठवड्यात किती दिवस सभागृह चालावं? मी म्हणतो, तीन दिवस पुरे. चार भिंतींत बसून लोकांची सुखदुःखं कळत नाहीत. आमदार लग्नात पाहिजे, मयतीत पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या. पुढच्या रांगेत बसलेली प्रीती मांडीवर हात ठेवून स्टेजकडं बघत होती.

"साहेबांचा सत्कार," संघपाल माईकवर म्हणाला, "नवरीची आत्या, माझी बहीण बेबीनंदा करंल."

ती स्टेजवर गेली. कुणीतरी ताटात शाल आणि पुष्पगुच्छ पुढं केला. तिनं ताटाला हात लावला नाही.

"साहेब, आज बुधवार हाये," ती म्हणाली.

सर्जेराव हसले. "हो ताई."

"अकरा वाजता तुमचं नाव पुकारलं तिथं. आम्ही वरच्या खोलीत बसून ऐकलं. तुम्ही न्हवते." तिचा आवाज चढला नव्हता, पण पुढच्या रांगा गप्प झाल्या. "मला वाटलं, तुमचं काही बरंवाईट झालं. मी तुमची काळजी करून राह्यले व्हते, साहेब."

सर्जेरावांचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र अंगदला शोधू लागले. संघपालनं माईक बंद केला. "बेबी, हे काय चाललंय," तो दातांवर दात ठेवून म्हणाला.

"दोन मिनिटं इकडं या ताई," सर्जेराव म्हणाले आणि स्वतःच स्टेजच्या मागं, पडद्याआड गेले. संघपालही मागोमाग आला.

"लेखी उत्तर पटलावर येतं," सर्जेराव म्हणाले. "प्रश्न वाया जात नसतो."

"तुम्ही म्हणाल्ते, उभं राहून विचारतो."

"म्हणालो होतो." त्यांनी गळ्यातला हार काढून हातात घेतला. पडद्याआड त्यांची भाषाही स्टेजवरची राहिली नाही. "एक सांगू? मागं एका अधिवेशनात मी रोज बसलो. एक दिवस चुकवला न्हाई. तेवढ्यात दोन गावांत मयती झाल्या, मला जाता आलं न्हाई. निवडणुकीला त्या दोन गावांत मला कुणी पाणी विचारलं न्हाई. मी प्रश्न किती मांडले, हे मला आजवर एका माणसानं विचारलं न्हाई. दारात आले का न्हाई, हे समदे विचारतेत. तुमच्या भावानंच काल तीनदा फोन केला. साहेब, तुम्ही न आले तर पाहुण्यांत माझी मान खाली जाईल, म्हणाले. मंग मी काय करावं?"

बेबीनंदानं भावाकडं पाहिलं. तो पडद्याच्या दोरीकडं बघत होता.

सर्जेराव न जेवता निघाले. अर्धं लग्न त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेलं, फोटो काढायला. पंगतीतल्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. लेकराच्या लग्नात असं करू नये, असं एक म्हातारी बेबीनंदाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

संघपालनं तिला कोठीच्या खोलीत गाठलं. "पाहुण्यांत इज्जत घातली तू माझी. शाळेच्या दोन तुकड्यांची मान्यता अडकलीय. किती महिन्यांपासून मी त्यांच्या मागं हाये, तुला काय ठाऊक."

"तुला बुधवार ठाऊक व्हता का न्हाई, दादा?"

त्यानं कोटाची गुंडी सोडली.

"मी सोता सांगितला व्हता तुला. अकराला प्रश्न हाये म्हणून."

"व्हता ठाऊक. मंग? प्रश्न काय, पुढच्या अधिवेशनात बी लागंल. साक्षीचं लग्न एकदाच व्हतंय."

"प्रीतीचं लेकरू बी एकदाच व्हतं," बेबीनंदा म्हणाली.  तिनं प्रीतीला हाक मारली, आणि दोघी न जेवता स्टँडकडं चालू लागल्या. साक्षीला भेटायचंही राहिलं.

एसटीत प्रीती खिडकीशी बसली होती. राजूर मागं पडल्यावर म्हणाली, "आई, ते टाळ्या वाजवून राह्यले व्हते." एवढंच. बेबीनंदाला आमदारापेक्षा त्या टाळ्यांचाच राग जास्त आला होता, आणि हे तिला प्रीती बोलेपर्यंत कळलं नव्हतं.

दोन दिवसांनी अंगदनं मोबाईलवर लेखी उत्तर पाठवलं. सोबत काही लिहिलं नव्हतं. प्रीतीनं ते आधी मनात वाचलं, मग सासूला वाचून दाखवलं. पुलाचं काम प्रगतीपथावर आहे. गावाला पर्यायी रस्ता उपलब्ध आहे. पुलाअभावी बालमृत्यू झाल्याची नोंद आढळून येत नाही. सबब, उर्वरित प्रश्न उद्भवत नाही.

"उद्भवत न्हाई म्हणजे?" बेबीनंदानं विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"म्हणजे असा प्रश्नच न्हाई," प्रीती म्हणाली.

बेबीनंदानं तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि तशीच, पायांत चपला न घालता, नदी ओलांडून फाट्यावर गेली. हॉटेल भरलेलं होतं. धर्मराज नेहमीच्या बाकावर होता. तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. "वाचा. मोठ्यानं वाचा."

त्यानं वाचलं. नोंद आढळून येत नाही, इथं आला आणि थांबला. पुन्हा ते वाक्य वाचलं, या वेळी मनात.

"नोंद न्हाई म्हणजे?" तो म्हणाला. "म्या सोता ट्रॉली धुतली ना."

 धर्मराजचं तोंड लाल झालं होतं. त्या दिवसाबद्दल तो आजवर एक शब्द बोलला नव्हता, ना बेबीनंदापाशी, ना घरात.

"मंत्री उभा राह्यला असता तर हे तोंडानं बोलावं लागलं असतं त्याला," बेबीनंदा म्हणाली. "आन् आपला आमदार समोर असता तर म्हणला असता, खोटं हाये. न्हाई कुणी बोललं, कारण तो लग्नाला आल्ता. माझ्या भावाच्या घरी. तुमच्या बापाच्या तेराव्याला आल्ता तसा. त्याला आपणच वढून आणतोत, आन् मंग म्हणतोत, तिथं बसून करतो काय."

धर्मराजच्या लेकीचं लग्न पुढच्याच आठवड्यात होतं, शुक्रवारी, गावात, त्याच्याच मळ्यात मांडव घालून. पत्रिकेवर सर्जेरावांचं नाव ठळक छापलेलं होतं. त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर, अंगदला फोन लावला. "साहेबांना म्हणावं, लग्नाला येऊ नका. नाराजी न्हाई. म्हणजे हाये, नाराजी बी हाये. शुक्रवारी सभागृह चालू हाये ना? तिथं बसा म्हणावं."

तरी सर्जेराव आले. न गेलो तर धर्मराज फुटला अशी बातमी होईल, असा त्यांनी हिशोब केला असावा.

शुक्रवारी सकाळी त्यांची गाडी फाट्यावरून नदीत उतरली तेव्हा खांबांच्या मध्ये वाळूत बाया उभ्या होत्या. बेबीनंदा पुढं, तिच्यामागं बौद्धवाड्यातल्या दहाबारा जणी. आणि लग्नघरातल्या नव्या लुगड्यांतल्याही काही, धर्मराजच्या बायकोसकट. संपतनं त्याची जीप आडवी लावली नव्हती, बाजूलाच उभी केली होती आणि स्वतः टपावर हात ठेवून उभा होता. आयुष्यात त्यानं कधी कुणाची वाट अडवली नव्हती.

सर्जेराव खाली उतरले. वाळूत त्यांचे बूट रुतले. "रस्ता अडवता का ताई?" त्यांच्या आवाजात आज गोडवा नव्हता.

"रस्ता हाये कुठं अडवायला?" बेबीनंदा म्हणाली.

एक बाई हसली.

"माझ्यावर राग आहे, कबूल आहे. पण पूल मी पाडला नाही. खांब माझ्याच काळात उभे राह्यले."

"म्हणूनच म्हणते ना, तिथं जा. इथं येऊन तुम्ही काय करणार? अक्षता टाकणार. त्या आम्हालाबी टाकता येतेत. तिथं उभं राहून विचारायचं आम्हाला येत न्हाई, आम्हाला आत कुणी घेत न्हाई. तेवढ्या एका कामासाठी तुम्हाला निवडून दिलं. तीन दिवस म्हणता? पाच दिवस बसा, सात दिवस बसा. इथं कुणी मेलं तर आम्ही उचलू."

सर्जेराव काही बोलणार, तेवढ्यात प्रीती पुढं आली. ती येईल असं बेबीनंदाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"त्याच्यात लिहिलंय, नोंद न्हाई," प्रीती म्हणाली. आवाज बारीक होता. "मी हाये ना, साहेब. मला विचारायचं की. पोरगी झाल्ती. रडली व्हती. तिथं, त्या बाभळीपाशी ट्रॉली व्हती." तिनं हातानं दाखवलं. सर्जेरावांनी तिकडं पाहिलं. तिथं आता काहीच नव्हतं, नुसती बाभळ.

 मग ते मागं उभ्या अंगदला म्हणाले, "संभाजीनगरहून विमान किती वाजता आहे?" आणि गाडीत बसले. गाडी मागं घेताना चाकं वाळूत फसली. बायांनीच ढकलून काढून दिली.

मळ्यातलं लग्न आमदाराशिवाय लागलं. काही पाहुणे नाराज झाले, विशेषतः वरपक्षाकडचे. धर्मराजनं त्यांच्यापुढं हात जोडले, कारण मात्र सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात सर्जेराव सभागृहात उभे राहिले. ती लाईव्ह गोष्ट या वेळी हॉटेलातल्या टीव्हीवर सगळ्या फाट्यानं पाहिली. लेखी उत्तर चुकीचं आहे, ते म्हणाले, त्या मुलीच्या आईला मी भेटून आलो आहे. बोलताना एकदा अडखळले. मंत्र्यांनी उभं राहून सांगितलं, की माहिती तपासून घेतो आणि काम तातडीनं सुरू करायला लावतो. हॉटेलात टाळ्या वाजल्या. बेबीनंदानं वाजवल्या नाहीत. मंत्री खाली बसल्याबरोबर दुसऱ्याच कशावरून आरडाओरडा सुरू झाला आणि सभागृह दिवसभरासाठी तहकूब झालं. सर्जेरावांची सारी गोष्ट चहा निवायच्या आत संपली होती. एवढ्यासाठी किती महिने गेले, हे तिच्या मनात राहून राहून येत होतं.

वैशाखात सळया आल्या, मशिनी आल्या. फाट्याकडच्या दोन खांबांवर स्लॅब पडला. गावाकडचा भाग राहिला, आणि काम करणारी माणसं म्हणू लागली की पावसाळ्याआधी होणं अवघड आहे. बेबीनंदा रोज जाऊन त्यांच्या डोक्यावर उभी राहायची. मुकादम तिला टाळायला लागला होता. नोंद मात्र दुरुस्त झाली नाही. तिनं त्यासाठी दोनदा मस्तगडच्या चकरा मारल्या; अंगद म्हणाला, प्रयत्न चालू आहेत.

संघपालचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. बुद्धपौर्णिमेला दरवर्षी ती जालन्याला भावाकडं जायची, या वर्षी गेली नाही. ऊन उतरताना साक्षीच दारात येऊन उभी राहिली, नवऱ्याला घेऊन. नवरा बावरलेला होता. त्यानं वाकून जयभीम घातला.

साक्षी आत येऊन प्रीतीजवळ बसली.  मग साक्षी म्हणाली, "आत्या, पप्पा अजून रागात हायेत."

"मी बी हाये," बेबीनंदा म्हणाली, आणि जावयाला पाणी आणायला आत गेली.